तोंडावर बोट

नवरा कायम रात्रपाळीचा असला की बायकोचं अर्धं आयुष्य इतरांना गप्प करण्यात जातं. तिचंही गेलं.

तो शहराच्या पाणीपुरवठ्यात पंपावर होता. लोक झोपले की शहराच्या टाक्या भरायच्या. त्यासाठी रात्रभर पंप चालायचे आणि पंपांपाशी एखादा माणूस जागा लागायचा. तो माणूस हा. लग्नानंतरची पहिली काही वर्षं त्याची पाळी बदलत असायची. मुलगा झाला आणि त्याने साहेबाकडे जाऊन कायमची रात्र मागून घेतली. रात्रीचा भत्ता मिळायचा हे एक, आणि दिवसा मुलांना बाप दिसला पाहिजे हे दुसरं. साहेबाचं तर आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, असं झालं. रात्र आपणहून मागणारा माणूस त्याने तोवर पाहिला नव्हता.

सकाळी तो यायचा तो लाल डोळ्यांनी आणि काळ्या हातांनी. पण आल्या आल्या आडवा झाला असं कधी घडलं नाही. येताना दूध आणायचा. मुलांचे बूट पुसून दारात जोडीने लावून ठेवायचा. मुलीची वेणी घालायचा, तीही इतकी घट्ट की तिचे डोळे ताणले जायचे आणि वर्गातल्या मुली विचारायच्या, तू सकाळी सकाळी कशाला घाबरलीस गं? मग एक पुढे, एक मागे असं दोघांना सायकलवर बसवून शाळेत सोडायचा. शाळेने पालकांना बोलावलं की हाच हजर. इतर बाप इस्त्रीच्या शर्टात बसलेले असायचे आणि हा त्यांच्यात वंगणाचा वास घेऊन, बाईंच्या तोंडाकडे टक लावून, एकेक शब्द टिपून घेत बसायचा. घरी आला की दोन घास खाऊन पडायचा, आणि तिथून पुढे घरात तिचं राज्य सुरू व्हायचं.

त्या राज्यात आवाजाला बंदी होती. खुर्च्यांच्या पायांना तिने चिंध्या बांधल्या होत्या. बिजागऱ्यांना तेल. भांडी घासताना खाली जुना टॉवेल अंथरायचा, म्हणजे वाटी सटकली तरी वाजायला नको. गळक्या नळाखाली फडकं. दाराची बेल तर तिने त्याच्याकडूनच काढून घेतली होती. भाजीवाल्यापासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांना माहीत होतं की इथे बोटाच्या पेराने टकटक करायची. मुलं शाळेतून आली की ती दारातच ओठांवर बोट ठेवून उभी. मुलगा मित्रांना सांगायचा, "आमच्या घराचं नाव काय माहितीये? हाताची घडी, तोंडावर बोट." मुलांनी भांडणंसुद्धा कुजबुजत केली. एकमेकांना चिमटे काढायचे आणि डोळ्यांत पाणी आलं तरी हूं की चूं करायची सोय नाही.

अशाने तिचा स्वतःचा आवाजही खाली बसला, आणि बसला तो कायमचाच. मुलं मोठी झाली, मुलगा नोकरीसाठी दूर गेला, मुलगी लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली, तरी ती हळूच बोलायची. तिची बहीण म्हणायची, तुझ्याशी गप्पा मारायच्या तर शेजारणीचे कान उसने आणावे लागतात.

आणि ज्याच्यासाठी हे सगळं चाललं होतं, तो मुलखाचा अबोल. संध्याकाळी उठायचा, चहा घ्यायचा, कुणाचा दिवा बिघडलाय, कुणाची चप्पल तुटलीय ते बघायचा, डबा घेऊन निघायचा. ती काही बोलली तर "हं." फार तर "बघू." टीव्ही लावायचा तोही आवाज बंद करून. मुलांच्या अभ्यासासाठी करतात, असं तिला सुरुवातीला वाटायचं. पण मुलं गेल्यावरही तसंच. फोन वाजला की म्हणायचा, "तूच बोल." पोटच्या मुलाचा फोन असला तरी, "तूच बोल, मला सांग काय म्हणतो ते."

माणूस वाईट नव्हता, हे तिला पक्कं ठाऊक होतं. हात उगारतो म्हणून रागावावं तर तेही नाही. तिला ताप आला की रात्रभर उभं राहून आलेला माणूस दिवसभर तिच्या उशाशी बसायचा. पण त्याला बोलायला नको असायचं. जेवताना समोर बसून तो तिच्या तोंडाकडे एकटक बघायचा, तर तिला ओशाळल्यासारखं व्हायचं. "या वयात काय बघायचंय एवढं?" असं म्हणून ती शेगडीकडे तोंड फिरवायची आणि मग पाठमोरीच काहीबाही सांगत राहायची. मागून उत्तर यायचं नाही. पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय.

एक गोष्ट मात्र तिच्या मनात काट्यासारखी राहिली होती. मुलगी सासरी गेली त्यानंतरचे दिवस. संध्याकाळी तो दाराशी बसून बूट घालत होता आणि ती ओट्यापाशी उभी राहून त्याचा डबा भरत होती. काय झालं कोण जाणे, तिच्या तोंडून निघून गेलं, "अहो, मला फार एकटं वाटतं हो." आयुष्यात एकदाच बोलली ती असं काही. तो बुटाची नाडी बांधत होता. ती बांधून झाली, दुसऱ्या बुटाची बांधली, डबा उचलला, "येतो" म्हणाला आणि जिना उतरून गेला. ती कितीतरी वेळ झाकण हातात घेऊन उभी होती. त्यानंतर तिने कानाला खडा लावला. पुन्हा असलं काही बोलायचं नाही. निवृत्त झाले की बघू, असं तिने मनाशी ठरवलं. चोवीस तास घरात असतील तेव्हा कुठे जातील बोलल्याशिवाय? सांगायच्या गोष्टी ती साठवत राहिली.

निवृत्ती तोंडावर आली होती आणि तो गेला.

गेला तोही झोपेत, भर दिवसा. सकाळी आला, दूध दिलं, दोन घास खाल्ले, पडला. दुपारी खालच्या मजल्यावर कुणी कपाट सरकवत होतं, तर ती चार पायऱ्या उतरून त्यांना हाताने खूण करून आली, की हळू, झोपलेत. संध्याकाळी चहा घेऊन खांद्याला हात लावला तेव्हा खांदा गार होता. डॉक्टर म्हणाले, सकाळीच गेले असणार, पडल्यावर थोड्याच वेळात. म्हणजे सबंध दिवस ती एका गेलेल्या माणसाची झोप राखत बसली होती. हे तिने कुणाला सांगितलं नाही. सांगायचं कुणाला, आणि कुठल्या तोंडाने?

माणसं आली, रडली, बसली, निघून गेली. मुलगा म्हणाला, "आई, माझ्याकडे चल." ती म्हणाली, "येईन सावकाश." मुलगी दोन आठवडे राहिली आणि तिच्या घरून फोनावर फोन यायला लागले तशी तीही गेली. मुलगी निघाली तेव्हा शेजारपाजारच्या बायका तिला समजावत होत्या, "तुमच्या आईला रात्री सोबत हवी हो. अशात रात्र खायला उठते."

तिला हसू आलं. तिची रात्र काही वेगळी झालेली नव्हती. रात्री अंथरुणाची ती बाजू आयुष्यभर रिकामीच होती. तिला खायला उठली ती दुपार. इतकी वर्षं दुपारी आतल्या खोलीत एक माणूस झोपलेला असायचा आणि त्याच्या झोपेभोवती तिची सगळी कामं चालायची. आता टॉवेल अंथरून भांडी घासून झाली की करायचं काय? टॉवेल का अंथरतोय आपण, हे मध्येच लक्षात यायचं, तरी काढून टाकायला हात धजायचा नाही. खोलीचं दार ती अजूनही हलकेच लोटून घ्यायची. गल्लीतली मुलं तिच्या खिडकीखाली कधी खेळत नसत, आताही खेळली नाहीत. सगळ्यांनी तिला वचन दिल्यासारखी ती शांतता तशीच धरून ठेवली होती आणि ती एकटी त्या शांततेच्या मध्यभागी बसलेली होती.

अशाच एका दुपारी ती उठली, साडी बदलली, कुलूप लावलं आणि बसमध्ये जाऊन बसली. कुठे निघालोय हे तिला बस सुटल्यावर नीट कळलं. पंपावर. इतक्या वर्षांत तिने ती जागा पाहिली नव्हती. तो एवढंच सांगायचा, "आमच्याकडे आवाज फार." तिला तो आवाज ऐकावासा वाटला होता.

शेवटच्या थांब्यावरून थोडं चाललं की लांबलचक भिंत, भिंतीला लोखंडी फाटक. फाटकावरच्या माणसाने आत निरोप धाडला आणि आतून एक उंच माणूस लगबगीने आला. याला तिने ओळखलं. नवरा गेला त्या दिवशी तिच्या दारात हाच वाकून उभा होता, कारण सरळ उभं राहिलं तर त्याचं डोकं चौकटीला लागत होतं. रात्रपाळीतला नवऱ्याचा जोडीदार, हल्ली दिवसपाळीला आलेला. पंपावर त्याला सगळे लांब्या म्हणायचे आणि आता तोही स्वतःची ओळख तशीच करून द्यायचा.

"वहिनी, तुम्ही कशाला त्रास घेतलात? काही काम होतं तर निरोप धाडायचा."

"काम काही नाही," ती म्हणाली. "हे कुठे असायचे ते बघायचं होतं."

लांब्या खाली वाकला. "काय म्हणालात?"

तिने पुन्हा सांगितलं. तेव्हा त्याने मान हलवली आणि तिला आत नेलं.

दार उघडताच आवाज अंगावर आला. तो आधी तळपायांतून चढला, मग छातीत शिरला आणि कानांपर्यंत शेवटी पोहोचला. हिरवे रंगवलेले पाच-सहा पंप ओळीने बसलेले, दिवसाही त्यांतले दोन-तीन चालू, माणसाच्या कमरेएवढ्या जाडीचे पाइप, जमीन धुतलेली, आणि त्या अवाढव्य शेडमध्ये मोजून तीन माणसं. लांब्याने तिला एका कठड्यापाशी थांबवलं. शेडच्या दुसऱ्या टोकाला एक माणूस तेलाची बुधली घेऊन उभा होता. लांब्याने हात वर करून त्याचं लक्ष वेधलं, दोन्ही हातांनी काहीतरी खुणा केल्या, तिच्याकडे बोट दाखवलं आणि मग तेच बोट स्वतःच्या ओठांवर ठेवलं.

तिला वाटलं, गप्प राहायला सांगतोय. पण या गदारोळात कुणाला गप्प करतो हा? तेवढ्यात समोरच्या माणसाने बुधली खाली ठेवली, चिंधीला हात पुसले, टोपी काढली आणि तिच्याकडे बघून हात जोडले.

काचेच्या छोट्या केबिनमध्ये शिरल्यावर आवाज थोडा खाली आला. लांब्याने तिला खुर्ची दिली, चहा मागवला. ती म्हणाली, "तुम्ही त्यांना तोंडावर बोट ठेवून दाखवलंत. मी तर काही बोललेच नव्हते."

लांब्या ओशाळून हसला. "ती तुमची खूण, वहिनी. इथे बोललेलं ऐकू येत नाही ना, म्हणून सगळ्यांना खुणा आहेत. आमच्या दादांनीच, म्हणजे तुमच्या यजमानांनीच पाडलेल्या. साहेब म्हणजे हे." त्याने हवेत मोठं पोट काढून दाखवलं. "मी म्हणजे हा असा हात छताला. तुमच्या मुलाची खूण चष्मा. मुलीची खूण वेणी ओढायची. आणि घरच्या वहिनी म्हणजे तोंडावर बोट. रागावू नका हं."

"नाही रागावले," ती म्हणाली. थोड्या वेळाने तिने विचारलं, "माझ्याबद्दल बोलायचे?"

"बोलायचे म्हणजे? दादा इथे गप्प म्हणून बसायचे नाहीत."

"कोण? हे?"

"हातांनी हो. हात थांबायचे नाहीत त्यांचे. पंप एकदा लागले की रात्र मोठी असते. मुलाला बक्षीस मिळालं ते सगळं त्यांनी आम्हाला नाटकासारखं करून दाखवलं होतं, टाळ्यांसकट. मुलीच्या लग्नात तुम्ही रडला नाहीत आणि हे रडले, तेही दाखवलं. आणि तुमचा डबा उघडला की आम्ही सगळे गोळा व्हायचो. डबा गच्च भरलेला असला की दादा ओठांवर बोट ठेवायचे आणि मग कपाळावर मूठ मारायचे. म्हणजे आज वहिनी चिडल्यात."

तिला खरोखर हसू फुटलं. रागात तिचा हात सैल सुटायचा हे खरं होतं. ते त्याच्या लक्षात आलं असेल हे तिला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

लांब्याला बोलायला हुरूप आला. "शेवटी शेवटी तर त्यांचं बरंच होतं म्हणायचं. आम्ही कानांत बोळे कोंबून कोंबून कान दुखवून घ्यायचो. त्यांना गरजच नव्हती. डावा तर साफ गेलेला, उजव्याने जरा ओरडलं तर..."

तो बोलायचा थांबला, कारण तिचा चेहरा त्याला दिसला.

"काय म्हणालात?" आता हे तिने विचारलं.

लांब्याने चहाचा कप उचलला, परत ठेवला. "वहिनी, मला वाटलं घरी ठाऊक असणार."

मग एकेक करत सगळं निघालं. वर्षानुवर्षं रात्री त्या आवाजात काढून त्याचे कान हळूहळू गेले होते. मुलगी शाळेत होती तेव्हापासूनच. साहेबांना कळलं असतं तर पंपावरून काढून फाटकावर नाहीतर बागेत घातलं असतं, रात्र गेली असती, भत्ता गेला असता, आणि मुलांचं शिक्षण तर ऐन रंगात आलेलं. म्हणून लांब्याने केबिनमधला फोन स्वतःकडे घेतला. वर्षाच्या तपासणीला डॉक्टर समोर बसून विचारायचे आणि हा ओठ वाचून उत्तरं द्यायचा. पंप बिघडायला लागला की हात ठेवून त्याला कळायचं. कुणाचं काही अडलं नाही.

"त्यांनी मला शपथ घातली होती," लांब्या म्हणाला. "पण ती साहेबांपुरती असं मी धरलं होतं."

तो तिला फाटकापर्यंत सोडायला आला. पाण्याच्या हौदावरून जाताना त्याने काही सांगितलं ते तिने ऐकलं नाही. त्याने बस थांबवून तिला चढवलं, आणि बस वळेपर्यंत तो रस्त्यात उभा होता.

घरी येऊन ती चपला न काढता खाटेच्या कडेवर बसली. खुर्च्यांच्या पायांच्या चिंध्या तिच्या समोर होत्या. तेल घातलेल्या बिजागऱ्या. फडकं. कुणासाठी होतं हे सगळं? त्याच्या उशाशी कुणी ढोल बडवला असता तरी तो कूस बदलून झोपला असता. आणि ती, ज्या माणसाने आपलं ऐकावं म्हणून झुरत होती, त्याच्याशी आयुष्यभर कुजबुजत बोलली. एकदा, अगदी एकदा जरी ती सासुरवाशीणपण विसरून खणखणीत ओरडली असती, तरी उजव्या कानाने त्याने ऐकलं असतं. तो जेवताना तिच्या तोंडाकडे बघायचा तो तिचे शब्द वेचायला. आणि ती लाजून शेगडीकडे तोंड फिरवत होती.

तिने मुलीला फोन लावला.

"आई? बरी आहेस ना?"

"तुझ्या बाबांना ऐकू येत नव्हतं," ती म्हणाली.

पलीकडे काहीच आवाज आला नाही. तेवढ्यावरून तिला कळलं.

"तुला माहीत होतं."

"हो," मुलगी म्हणाली. "मी शाळेच्या शेवटच्या वर्षाला होते. मी मागून हाका मारत होते आणि ते बघेनात. माझ्या लक्षात आलं. त्यांनी मला गच्चीवर नेलं आणि म्हणाले, आईला सांगायचं नाही."

"लांब्याला माहीत. तुला माहीत. पंपावरच्या तेल घालणाऱ्याला माहीत. मीच तेवढी परकी."

"आई, आपल्या दादाला नाही माहीत."

"त्याला काय, तो तसाही कुणाचं ऐकत नाही," ती म्हणाली आणि मग तिला रडू कोसळलं.

"मला का नाही सांगितलं गं?" ती म्हणाली. "मी काय साहेबांकडे जाऊन चुगली करणार होते?"

"मी विचारलं होतं त्यांना तसंच." मुलगी अडखळत बोलत होती. "ते म्हणाले, तुझी आई इतकी वर्षं माझ्या झोपेसाठी जीव मुठीत धरून चालतेय. तुमची तोंडं बंद केली, स्वतःचं केलं, शेजाऱ्यांशी वाईटपणा घेतला. आता तिला कसं सांगू की हे सगळं फुकट होतं? म्हणाले, आणि फुकट नाहीच ते. मला ऐकू येत नाही, पण ती टाचा उचलून चालते ते मला जमिनीतून कळतं. त्याने मला झोप लागते."

तिने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तू दिवसभरात जे बोलायचीस ना, ते मी त्यांना संध्याकाळी सांगायचे. समोर बसून, सावकाश. ते रोज विचारायचे, आई आज काय म्हणाली? भाजीवाल्याशी भांडलीस तेसुद्धा मी सांगितलंय. माझं लग्न झाल्यावर..." मुलगी थांबली. "माझं लग्न झाल्यावर त्यांना घरातलं काही कळेनासं झालं असणार. मला हे फार लागतं, आई. मी तुला सांगायला हवं होतं तेव्हा."

"जाऊ दे," ती म्हणाली. मुलीला अजून दोष देण्याएवढा राग तिच्यात शिल्लक नव्हता. "तू जेवलीस का?"

फोन ठेवल्यावर ती हिशोब लावत बसली, पण तो जुळण्यासारखा नव्हता. मुलगी सासरी गेल्यावर त्याचं "हं"सुद्धा कमी झालं होतं. तिला वाटलं होतं, लेकीची आठवण येत असेल. आणि नेमक्या त्याच दिवसांत तो बूट घालत असताना ती ते बोलली होती. ते त्याला सांगायला मुलगी घरात नव्हती. लांब्याला ते माहीत नव्हतं. त्यामुळे पंपावर हातांनी त्याने आपल्या बायकोच्या सगळ्या गोष्टी सांगितल्या, ती एक सोडून. ती त्याच्यापर्यंत पोहोचलीच नाही. त्याने ऐकून न ऐकल्यासारखं केलं, असं समजून ती इतकी वर्षं मनातून त्याच्याशी अबोला धरून होती आणि तो बिचारा "येतो" म्हणून निघून गेला होता. तोही तर तिथे, त्या दोन खोल्यांत, तिच्याइतकाच एकटा होता. एका ताटात जेवणारी दोन माणसं, आणि मध्ये एवढी भिंत. भिंतीला कान असतात म्हणतात. या भिंतीला तेही नव्हते.

दुसऱ्या दिवशी दुपारी भांडी झाल्यावर ती आतल्या खोलीत गेली. खाटेवरची चादर तिने नीट केली आणि त्याच्या बाजूला खुर्ची ओढून बसली. बोलू की नको असं तिला झालं. स्वतःचंच हसू आलं. मग तिने घसा साफ केला.

"अहो," ती म्हणाली.

हळूच निघालं. सवय कुठे जाते? तिने पुन्हा हाक मारली, जरा मोठ्याने, आणि मग आणखी मोठ्याने. तिसऱ्या वेळी आवाज चिरकला, खोलीत घुमला, तिला स्वतःलाच तो ओळखू आला नाही.

"अहो, मला फार एकटं वाटतं हो. त्या दिवशी बोलले होते मी. तुम्ही बूट घालत होतात. तुम्हाला ऐकू आलं नाही आणि मला वाटलं, यांना काही पडलेली नाही. मी पुन्हा बोललेच नाही. सांगायचं होतं की नाही तुम्ही? मी काय ओरडले नसते? घसा फाडून ओरडले असते रोज. सगळ्या गल्लीला कळलं असतं आज घरात काय शिजतंय ते."

एकदा तोंड उघडल्यावर बांध फुटल्यासारखं झालं. साठवलेलं सगळं ती सांगत सुटली. बहिणीने तिच्यावर कसा राग धरून ठेवला होता ते. मुलगा फोनवर शेवटी नेहमी "बाबांना सांग" म्हणून काय काय सांगायचा आणि तिने त्यातलं निम्मंच कसं सांगितलं ते. मुलीच्या लग्नात आपण का रडलो नाही ते. त्याने घातलेल्या लेकीच्या घट्ट वेण्या ती दुपारी गुपचूप सैल करायची, तेही सांगून टाकलं. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत तिने खालच्यांना कपाट सरकवू दिलं नव्हतं, हेसुद्धा सांगितलं.

दारावर पेराने टकटक झाली. तिने डोळे पुसून दार उघडलं. खालच्या मजल्यावरची बाई उभी होती, हाताला पीठ लागलेलं, तोंडावर काळजी.

"कोण आलंय तुमच्याकडे?" ती बाई खालच्या आवाजात म्हणाली. "बराच वेळ कुणीतरी मोठमोठ्याने बोलतंय. मला वाटलं, भांडण वगैरे..."

"कोणी नाही. मीच बोलत होते."

"तुम्ही?" बाई तिच्याकडे बघत राहिली. "इतकी वर्षं राहतोय, तुमचा आवाज असा आहे हे मला ठाऊकच नव्हतं." मग तिने खोलीतली रिकामी खुर्ची, खाट, नीट केलेली चादर पाहिली आणि तिच्या लक्षात आलं. "बसू का मी जरा?" तिने विचारलं.

"दूध वगैरे नाही ना ठेवून आलात गॅसवर?"

"ठेवलंय की."

"मग जा आधी. उतू जाईल."

"बंद करून येते," बाई म्हणाली आणि जिन्याकडे वळली. "तुम्ही दार लावू नका."

तिने दार उघडंच ठेवलं. खाली पावलं उतरत गेल्याचं तिला ऐकू आलं. ती परत येऊन खुर्चीवर बसली, पदराने चेहरा कोरडा केला आणि ती बाई वर येईपर्यंतचा वेळ वाया जाऊ नये म्हणून, मघाच्याच मोठ्या आवाजात, जिथे राहिलं होतं तिथून पुढे सांगायला लागली.